क्रिकेटच्या तिकिटांची एक फ्रेम: सोळा पानं भरायची कशाने?

उंबरठा_दादर

मंडळी, घरात क्रीडा विषयावरच्या पोस्टाच्या तिकिटांची दोन स्टॉक बुकं (पारदर्शक पट्ट्यांत तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या) आहेत. सहाशेच्या आसपास तिकिटं. ऑलिंपिक, फुटबॉल, हॉकी, टेबल टेनिस, क्रिकेट, सगळी मिसळ. त्यातून फक्त क्रिकेट वेगळं काढून एक फ्रेम, म्हणजे ए-फोरची १६ पानं, राज्य पातळीवरच्या प्रदर्शनासाठी करायची आहेत. लेक सातवीत आहे, तीही हाताशी आहे. विषय ठरवलाय ‘मुंबई आणि क्रिकेट’. अडचणी अशा:

१. भारतीय तिकिटं हाताशी आहेत ती मोजकी. १९७१ चं विजयाचं, १९७३ चे रणजी, १९९६ चे चार खेळाडू, २०१३ चा सचिन. दोन पानांत संपतात.

२. अजमान, फुजैरा, मनामा अशी नावं असलेली ऑलिंपिकची चकचकीत तिकिटं शंभरेक आहेत. ती ठेवायची की वाटून टाकायची?

३. घर तळमजल्यावर. १९८२ च्या एशियाडचा एक मिंट (न वापरलेला, डिंकासकट) ब्लॉक, म्हणजे जोडलेल्या तिकिटांचा चौकोनी तुकडा, पावसाळ्यात स्टॉक बुकच्या पट्टीला चिकटून बसलाय. चार-पाच तिकिटं एकमेकांना पाठीला पोट लावून चिकटलीत. पाण्यात टाकली तर सुटतील का?

४. काही तिकिटांच्या दात्यांवर (कडेच्या छिद्रांमधल्या टोकांवर) तपकिरी ठिपके आलेत.

५. जुन्या पाकिटांवरची तिकिटं कापून सोडवून घ्यावीत का?

जाणकारांनी सविस्तर सांगावं. मुद्द्यांचा क्रम महत्त्वाचा नाही.

टपालहशील

आधी पाचव्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे हात घाईने चालतो: कात्री बाजूला ठेवा. बाकीचं खाली लिहितो.

घोळ शीर्षकात आहे. ‘मुंबई’ शब्द शीर्षकात आला की परीक्षक प्रत्येक पानावर मुंबई शोधणार. मग बार्बाडोसचा सोबर्स, इंग्लंडचा ग्रेस, ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन या सगळ्यांना दार बंद. तुम्हीच स्वतःला दोन पानांत कोंडून घेतलंय. त्याउलट नुसतं ‘क्रिकेट’ म्हणालात तर सोळा पानांत मावत नाही आणि वरवरचं दिसतं. एका फ्रेमचा विषय सोळा पानांत पुरता संपेल एवढाच हवा. पाच फ्रेमचा विषय कापून एका फ्रेमला बसवलेला लगेच कळतो.

माझी सूचना: ‘बावीस यार्ड’. खेळपट्टीवर जे जे येतं ते सगळं: लाकूड, चामडं, गवत, माणसं. आराखडा साधारण असा बसतो. पहिलं पान शीर्षक आणि आराखड्याचं. मग चार पानं बॅट-चेंडूची, तीन मैदानाची, पाच खेळाडूंची, तीन सामन्यांची. मुंबई त्यात खेळाडू आणि सामन्यांच्या पानांवर आपोआप येते, आणि तिथे ती शोभते.

बॅट-चेंडूची चार पानं हा या विषयाचा सगळ्यात श्रीमंत भाग आहे, आणि नवखे लोक तोच सोडून देतात. थीमॅटिक, म्हणजे एका विषयाभोवती रचलेल्या, संग्रहात तिकिटावर क्रिकेट दिसायलाच हवं असं नाही. तिकिटावरची गोष्ट तुमच्या कथेत बसली पाहिजे. बॅट विलोची असते, म्हणून विलोचं झाड चालतं. चेंडूच्या पोटात बुचाचा गोळा असतो, त्यावर लोकरीचा धागा घट्ट गुंडाळतात आणि वरून चामडं शिवतात. म्हणजे बूच, मेंढी आणि गाय, तिघांनाही जागा आहे. पोर्तुगालने २००७ मध्ये खऱ्या बुचाच्या पातळ पापुद्र्यावर तिकीट छापलं. क्रिकेटशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण ‘चेंडूचं पोट’ या पानावर ते लावलंत तर नावीन्याचे गुण तिथेच मिळतात.

एक खबरदारी. बॅटचा विलो म्हणजे सॅलिक्स आल्बा, त्यातही ‘सेरुलिया’ हा वाण. फांद्या खाली लोंबणारा जो शोभेचा विलो तिकिटांवर हमखास दिसतो तो वेगळा. तो लावून खाली ‘बॅटचं लाकूड’ लिहिलंत तर विषयज्ञानात गुण जातील. तिकिटावर शास्त्रीय नाव छापलेलं असतं, भिंगाने वाचा.

थीमॅटिक गटातली गुणांची वाटणी माहीत असली की कुठे घाम गाळायचा ते कळतं. १०० पैकी शीर्षक आणि आराखड्याला १५, विषयाच्या विकासाला १५, नावीन्याला ५. विषयज्ञानाला १५, तिकीटशास्त्राच्या ज्ञानाला १५. वस्तूंच्या स्थितीला १०, दुर्मिळतेला २०. आणि सजावटीला? ५. रंगीत चौकटी, क्लिपआर्टचे स्टंप, मागे मैदानाचा फोटो, हे सगळं त्या पाचातलं आहे, आणि फार केलंत तर तेही जातात.

चिमटा_भिंग

दुसरा प्रश्न पटकन निकालात काढतो. अजमान, फुजैरा, मनामा, उम्म अल-कुवैन, रस अल-खैमा ही आखाती अमिरातींची नावं (मनामा हा अजमानच्याच अखत्यारीतला भाग). साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७२ च्या सुमारापर्यंत एजंटांनी त्यांच्या नावावर ढिगांनी तिकिटं छापली आणि थेट संग्राहकांना विकली. बहुतेकांनी टपालपेटीचं तोंडही पाहिलेलं नाही. ओळख सोपी: कोपऱ्यात पाव वर्तुळाचा सुबक छापील शिक्का, आणि मागे डिंक जसाच्या तसा. शिक्का आहे पण डिंकही आहे, म्हणजे ते पत्रावर कधी लागलंच नाही. छापखान्यातच शिक्का मारून विकलं.

वाटून टाका. शाळेतल्या पोरांना चिमटा धरायचा सराव करायला उत्तम.

यापेक्षा धोकादायक प्रकार म्हणजे अलीकडच्या बनावट मिनिएचर शीट (एक-दोन तिकिटांची छोटी सजवलेली पानं). एखाद्या देशाचं नाव टाकून, त्या देशाच्या टपाल खात्याला पत्ताही नसताना छापलेल्या. क्रिकेट आणि फुटबॉलच्या सुपरस्टारांच्या भरपूर असतात. प्रदर्शनात अशी एक जरी सापडली तरी अख्ख्या फ्रेमकडे संशयाने बघतात. २००२ पासून जागतिक टपाल संघाची डब्ल्यूएनएस ही नोंदणी आहे. तिथे भाग घेणाऱ्या देशांची अधिकृत तिकिटं चित्रासह दिसतात. परदेशी क्रिकेट शीट घेण्याआधी तिथे बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

ओल_आणि_ऊन

३ आणि ४ माझ्याकडे.

चिकटलेली मिंट तिकिटं पाण्यात टाकली की सुटतील, पण डिंक धुऊन जाईल आणि मिंट तिकिटाचं बिनडिंकाचं तिकीट होईल. त्याऐवजी दमट डबा करा. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाला स्वच्छ स्पंज पाण्यात भिजवून, पिळून ठेवा. थेंब गळता कामा नये. त्यावर प्लॅस्टिकची जाळी किंवा उलटी टोपली, जाळीवर तिकिटं. झाकणाच्या आतून टिपकागद चिकटवा, नाहीतर वाफेचं पाणी तिकिटावर टपकतं आणि तिथे डाग पडतो. दर दोन तासांनी उघडून चिमट्याने कोपरा हलवून बघा. पाच-सहा तासांत सुटतं, कधी रात्रभर लागते. सुटलं नाही तर ओढू नका, परत ठेवा. ओढलं की कागदाचा पापुद्रा निघतो, आणि उजेडासमोर धरल्यावर दिसणारी ती पातळ जागा कायमची.

सुटल्यावर लगेच दाबून ठेवू नका. डिंक अजून ओला असतो, पुन्हा चिकटेल. डिंकाची बाजू वर करून अर्धा-पाऊण तास उघडं राहू द्या. मग बेकिंगच्या गुळगुळीत बटर पेपरमध्ये ठेवून वर हलकं वजन.

ब्लॉक स्टॉक बुकच्या पट्टीला चिकटलाय, म्हणून तो पट्टीसकट कापून डब्यात जाईल. स्टॉक बुकचं पान वाचवण्याच्या नादात ब्लॉक घालवू नका. पान दहा रुपयांचं आहे.

आता ठिपके. ती बुरशी आहे. कागदातला ओलावा आणि धूळ यांवर वाढते, आणि दात्यांवर आधी दिसते, कारण तिथे कागदाचे तंतू उघडे असतात. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबू, काहीही लावू नका. ठिपका फिका पडतो, पण कागद दुबळा होतो, आणि अतिनील दिव्याखाली धुतलेला भाग वेगळा चमकतो. ठिपके असलेली तिकिटं वेगळ्या पाकिटात काढा, चांगल्यांजवळ ठेवू नका. साधं तिकीट असेल तर दुसरं विकत घ्या, स्वस्त पडेल.

तळमजल्यासाठी व्यवस्था. स्टॉक बुकं आडवी रचून ठेवायची नाहीत. वरच्यांच्या वजनाने खालची दाबली जातात आणि चिकटतात. पुस्तकांसारखी उभी, हात सहज जाईल इतकी सैल. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट टाळा, पावसाळ्यात ती भिंत आतून गार आणि ओली असते. गोदरेजच्या कपाटात ठेवता येतं, पण तळकप्प्यात नाही. वीस लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा असेल तर त्यात साधारण शंभर ग्रॅम सिलिका जेल पुरते. नारिंगी जातीची घ्या, ओली झाली की हिरवट होते. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की परत नारिंगी. निळी जात कोबाल्टची असते, घरात मूल आहे म्हणून ती नको. जेल कापडी पुरचुंडीत, पानांना न टेकणारी.

डब्यात शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका. ४५ ते ५५ टक्के ठीक. जेल ओतून ओतून ३० च्या खाली नेलंत तर डिंक तडकतो आणि तिकीट नळीसारखं वळतं. हे मुंबईत होत नाही असं वाटतं, पण छोट्या डब्यात होतं.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर आत नको. त्यांची वाफ प्लॅस्टिक खाते, कधी शाईलाही लागते. कसर येत असेल तर कपाटाच्या कोपऱ्यात बाहेरून उपाय करा, डब्यात नाही. गणपतीच्या आवराआवरीत अल्बम गच्चीवर उन्हात टाकतात काही लोक. बुरशी जाते, रंगही जातो. पंख्याखाली, सावलीत, पानं उघडून. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीची कोरडी दुपार गाठा.

आणि तुमचं स्टॉक बुक कसलं आहे ते तपासा. पारदर्शक पट्टीला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी आहे. त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि शाई पट्टीवर उतरवतं. बहुधा तुमचा ब्लॉक चिकटायला ओलीबरोबर तेही कारणीभूत असेल.

अष्टपैलू

वरच्या मंडळींनी तिकिटांची काळजी घेतली, मी मजकुराची घेतो. क्रिकेटच्या फ्रेममध्ये मजकूर लिहिताना त्याच त्याच चुका होतात, आणि परीक्षकांतला एक तरी क्रिकेटवेडा निघतोच.

१९७३ चं रणजींचं तिकीट. खाली ‘भारताचे थोर कसोटीपटू’ लिहू नका. रणजी भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, त्यांच्या पंधराही कसोट्या इंग्लंडकडून. १८९६ मध्ये मँचेस्टरला पदार्पणात ६२ आणि नाबाद १५४.

१९९६ चे चार: सी. के. नायडू, विनू मांकड, दि. ब. देवधर, विजय मर्चंट. यात देवधर कसोटीपटू नव्हेत. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. नायडू १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, वर फक्त ब्रॅडमन. मांकड म्हटलं की लोकांना नॉन-स्ट्रायकरला धावचीत करणंच आठवतं. त्याऐवजी १९५६ ची पंकज रॉय यांच्याबरोबरची ४१३ ची सलामी लिहा, ती ५२ वर्षं टिकली.

१९७१ चं तिकीट एका सामन्याचं नाही. वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्ही ठिकाणच्या मालिका विजयांचं आहे. कर्णधार अजित वाडेकर. मुंबईची पहिली एंट्री इथे घ्या.

२०१३. सचिनच्या दोन तिकिटांबरोबर हमखास लिहिलं जातं की मदर तेरेसांनंतर तिकिटावर आलेली तो दुसरी हयात भारतीय व्यक्ती. चूक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला, ते हयात असताना तिकीट निघालं. विश्वेश्वरय्यांवर १९६० मध्ये. मराठी माणसाच्या फ्रेममध्ये कर्वे विसरले जाऊ नयेत एवढंच.

जगातलं पहिलं क्रिकेटचं तिकीट बहुतेक जण वेस्ट इंडिजचं समजतात. ते केप व्हर्दे बेटांचं, १९६२ च्या क्रीडा मालिकेतलं. तेव्हा ती पोर्तुगालची वसाहत होती, म्हणजे क्रिकेट न खेळणाऱ्यांनी मान पटकावला. तुमच्या फ्रेमला तेवढं एक तिकीट मिळवाच. बाकी परदेशी यादीत बार्बाडोसचं १९६६ चं स्वातंत्र्याच्या मालिकेतलं सोबर्स, जमैका आणि गयानाच्या १९६८ च्या एमसीसी (इंग्लंडच्या संघाच्या) दौऱ्याच्या जोडपट्ट्या (वेगवेगळी तिकिटं एकत्र जोडून छापलेल्या पट्ट्या), ब्रिटनचे १९७३ चे डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या रेखाचित्रांचे तीन, आणि ऑस्ट्रेलियाचे १९९७ चे ब्रॅडमन. यातली बहुतेक फोर्टातल्या डीलरकडे किंवा प्रदर्शनातल्या टेबलांवर महाग नाहीत. जोडपट्टी मात्र सुटी सुटी तिकिटं करून विकत असतील तर घेऊ नका, तिची मजा जोडलेली असण्यात आहे.

उंबरठा_दादर

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. ‘बावीस यार्ड’ पटलं. पोटप्रश्न: मैदानांच्या तीन पानांवर काय लावू? जिमखान्यावरची १९३३ ची कसोटी लिहायचा मोह होतोय, पण बॉम्बे जिमखान्याचं तिकीट माझ्याकडे नाही. आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाच्या शिक्क्याची पाकिटं) सातच आहेत, ती सगळी लावली तर पानं भरतील का?

टपालहशील

नियम एकच लक्षात ठेवा: पानावरची प्रत्येक ओळ पानावरच्या एखाद्या वस्तूला बांधलेली हवी. जिमखान्याचं तिकीट नाही, म्हणून जिमखाना सुटा लिहिता येत नाही. पण १९३३-३४ च्या त्या मालिकेतही कर्णधार नायडूच होते. नायडूंचं तिकीट लावा, त्याखाली ‘भारतातल्या पहिल्या कसोटीत, बॉम्बे जिमखान्यावर, कर्णधार’ अशी ओळ. वाक्य बांधलं गेलं, मुंबईही आली.

मैदानाच्या पानांवर खेळपट्टीची मापं येऊ द्या: २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर, यष्ट्या २८ इंच उंच, तिन्ही मिळून ९ इंच रुंद. त्याखाली मोजपट्टी, गवत, रोलर, पाऊस, सूर्य, घड्याळ अशा विषयांची तिकिटं. पाऊस आणि अंधूक उजेड हा क्रिकेटचा खरा प्रतिस्पर्धी, त्याला अर्धं पान द्या.

फर्स्ट डे कव्हर सातही लावू नका. सोळा पानांत दोन किंवा तीन. जास्त झाली की संग्रह काउंटरवरून उचलून आणल्यासारखा दिसतो. निवडताना शिक्क्याचं गाव बघा. सचिनची तिकिटं १४ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर, त्याच्या दोनशेव्या कसोटीच्या पहिल्या दिवशी प्रकाशित झाली. तेव्हा त्या कव्हरवर मुंबईचा शिक्का असेल तर ते मुंबईच्या पानावर बोलतं. तेच कव्हर दुसऱ्या शहराच्या शिक्क्याचं असेल तर नुसतं कव्हर.

रणजींच्या पानासाठी एक खुसखुशीत भर: नवानगर संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं १८७७ ते १८९५ या काळात होती. एखादं मिळालं तर तिकीटशास्त्राच्या ज्ञानाचे गुण वाढतात. मजकुरात स्पष्ट लिहा की रणजी नवानगरचे जामसाहेब (राजे) झाले १९०७ मध्ये, म्हणजे ही तिकिटं त्यांच्या आधीची. संस्थानी तिकिटांत नकली माल उदंड आहे, त्यामुळे हे स्वस्तात मिळालं तर आनंदू नका, जाणत्याला दाखवून घ्या.

चिमटा_भिंग

वरच्याशी थोडा असहमत. फर्स्ट डे कव्हर तीन चालतील, पण त्यापेक्षा एक खरं वापरलेलं पाकीट दहापट भारी. १९९६ चं मर्चंटांचं तिकीट लावलेलं, प्रत्यक्ष कामाचं, पत्ता असलेलं, त्या वेळच्या टपालदराशी जुळणारं पाकीट शोधा. संग्राहकाने स्वतःलाच पाठवलेलं, चारही तिकिटं ओळीत लावून दर चौपट भरलेलं पाकीट नव्हे. असं खरं पाकीट शोधायला वेळ लागतो, म्हणूनच त्याला दुर्मिळतेचे गुण आहेत. रजिस्टर्ड डाक २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यामुळे आर-चिठ्ठी (रजिस्टर्डची छापील चिठ्ठी) असलेली क्रीडा तिकिटांची जुनी पाकिटं आता नवी तयार व्हायची नाहीत. घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत बघा, एलआयसी आणि बँकांच्या पाकिटांत हमखास सापडतात.

म्हणून पाचवा प्रश्न. पाकीट हातात घेतलं की तीन गोष्टी बघा: शिक्क्याचं गाव वाचता येतं का, तारीख वाचता येते का, लावलेल्या तिकिटांची बेरीज त्या वेळच्या दराशी जुळते का. तिन्ही जमत असेल तर पाकीट अखंड ठेवा. शिक्का चांगला पण पाकीट फाटकं असेल तर तिकीट आणि पूर्ण शिक्का येईल एवढा चौकोनी तुकडा कापा. काहीच जमत नसेल तरच भिजवा.

भिजवताना तिकिटाभोवती अर्धा सेंटिमीटर कागद ठेवून कापा, दात्यांना कात्री लागू नये. साधं पाणी, उथळ ताट, चित्र वर करून, पंधरा-वीस मिनिटं. लाल, हिरव्या किंवा खाकी पाकिटांचे तुकडे वेगळ्या ताटात, त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या तिकिटाला लागतो. तिकीट आपण होऊन तरंगायला लागलं की दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा खळबळा. उरलेला डिंक बोटाने चोळून काढू नका, परत भिजवा. मग टिपकागदावर चित्र खाली करून सुकवा, आणि किंचित दमट असतानाच पुस्तकाच्या वजनाखाली रात्रभर. पूर्ण सुकल्यावर दाबायला गेलात तर कुरळं झालेलं सरळ होत नाही. परदेशी नवी स्टिकर तिकिटं, विशेषतः अमेरिकेची, पाण्यात सुटत नाहीत. ती तुकड्यासकटच ठेवा.

अष्टपैलू

लेक सातवीत आहे म्हणालात म्हणून जाता जाता: टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ६,००० रुपये. शाळेत फिलाटेली (तिकीटसंग्रह) क्लब असून त्याची ती सदस्य हवी. क्लब नसेल तर तिच्या नावाने फिलाटेली डिपॉझिट खातं चालतं, आणि मागच्या इयत्तेत किमान ६० टक्के. आधी लेखी प्रश्नमंजूषा, मग प्रकल्प. हे खातं तसंही उघडाच. मुंबई जीपीओच्या फिलाटेली ब्युरोत किमान २०० रुपये भरून होतं, आणि नवी तिकिटं घरपोच येतात. गल्लीतल्या पोस्टात स्मारक तिकिटं सहसा मिळत नाहीत, तिथे विचारून वेळ घालवू नका.

उंबरठा_दादर

खातं उघडून घेतो. दोन शेवटचे प्रश्न. एका डीलरकडे १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांची २ आणि १२ आण्यांची जोडी आहे, मिंट, डिंक अगदी नव्यासारखा. घ्यावी का? आणि ए-फोर पानावर कव्हर लावलं की बाकी जागाच उरत नाही, त्याचं काय करतात?

चिमटा_भिंग

सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीचं तिकीट आणि डिंक नव्यासारखा, म्हटल्यावर भिंग काढा. तिकिटांचा कागद आधी डिंक लावून मग छिद्रित होतो. त्यामुळे मूळ डिंकाच्या तिकिटाच्या दात्यांच्या टोकांवर मऊ, मोकळे तंतू दिसतात. मागाहून डिंक लावला असेल तर तो दात्यांच्या टोकांपर्यंत झिरपलेला असतो आणि टोकं कडक, चकचकीत लागतात. पाठीवर ब्रशचे समांतर ओरखडे दिसले तर विषयच संपला. छिद्रणही मोजा. २ सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं तो आकडा, चारही बाजूंना मोजून कॅटलॉगशी ताडायचा. एखादी बाजू फारच सरळ आणि कापल्यासारखी दिसली तर ती बाजू नंतर छिद्रित केलेली असू शकते. आणि हो, ही जोडी तुमच्या ‘बावीस यार्ड’मध्ये बसत नाही. घ्यायची तर संग्रहासाठी घ्या, फ्रेमसाठी नाही.

टपालहशील

कव्हर पूर्ण दाखवायची गरज नसते. पानाला धारदार कटरने दोन चिरा द्या आणि कव्हर मागून सरकवा, म्हणजे तिकीट, शिक्का आणि पत्ता एवढंच पुढे दिसतं, रिकामा भाग पानाच्या मागे. चीर कव्हरच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर लांब ठेवा, नाहीतर कोपरा दुमडतो. कागद १६० ते २०० जीएसएमचा, आम्लरहित, किंचित मळकट पांढरा. झगझगीत पांढऱ्यावर जुनी तिकिटं पिवळी दिसतात. तिकिटं माउंटमध्ये (पुढून पारदर्शक असलेल्या छोट्या खिशात), चारही बाजूंनी दीड मिलिमीटर मोकळी. मिंट तिकिटाला हिंज (तिकीट चिकटवायची डिंक लावलेली कागदी पट्टी) कधीच नाही. एका पानावर पाच-सहा वस्तू, आणि प्रत्येक पान स्वतंत्र पॉलिस्टर पाकिटात.

उंबरठा_दादर

ब्लॉक सुटला! सात तास लागले. डिंक थोडा मंद झालाय, एका कोपऱ्यात बोटाचा ठसा आहे. आता त्याला मिंट म्हणायचं का?

ओल_आणि_ऊन

यादीत ‘मिंट, डिंक विस्कटलेला’ असं लिहा. विकताना किंवा बदलताना तेच सांगायचं, ‘कधीच हिंज न लावलेला’ एवढंच सांगून गप्प बसायचं नाही. स्टॉक बुकात परत ठेवण्याआधी दोन दिवस बटर पेपरमध्ये राहू द्या. आणि माउंटमध्ये घालणार असाल तर माउंटची उघडी बाजू वर येईल अशी लावा. फ्रेममध्ये पानं उभी लटकतात, उघडी बाजू खाली असेल तर तिकीट घसरून पाकिटाच्या तळाशी येऊन बसतं.